खुर्चीच्या पोटातला इतिहास

माझा धंदा काय, असे कोणी विचारले म्हणजे मी पुष्कळ वर्षे ‘फर्निचरच्या लाइनीत आहे’ असे मोघम उत्तर देऊन सुटका करून घेत असे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठ्या काचेचे झगमगते दुकान उभे राही आणि ते मोडण्याची मला घाई नसे. खरी हकीकत अशी, की गिरगावात ठाकुरद्वाराच्या बाजूच्या एका गल्लीत आमचे बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद असे दुकान आहे. लोकांच्या बसून बसून खचलेल्या खुर्च्या आणि सोफे तेथे येतात; आम्ही ते उसवतो, आतला भराव बदलतो, वर नवे कापड चढवतो आणि परत पाठवतो. वडिलांनी हे दुकान १९५६ साली काढले. १९७९ पासून मी ते चालवतो आहे. पाटीवर ‘सोफा व कुशन मेकर्स’ असे भारदस्त नाव आहे. परंतु गल्लीत आम्हाला गादीवालेच म्हणतात, आणि आता मलाही तेच नाव बरे वाटते.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालो. आमचे प्राध्यापक सांगत, की इतिहास दप्तरांत असतो, ताम्रपटांत असतो, शिलालेखांत असतो. तो खुर्चीच्या पोटातही असतो, असे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी खुर्ची कधी उसवली नव्हती.

सोफा उसवणे हे पांढरीच्या टेकाडावर फावडे मारण्यासारखे काम आहे. प्रथम तो पालथा घालायचा. खालचे काळे कापड फाडले की धुळीबरोबर त्या घरचा सारा हरवलेला माल जमिनीवर पडतो: केसांचे आकडे, चष्म्याची काडी, पोरांचे सागरगोटे, कधी नागमोडी कडेचा एक आणा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. सोफ्यातून आणा पडला की हा बहुधा त्याच्या आधीचा, असा अंदाज बांधता येतो. असा सारा माल वडील एका पत्र्याच्या डब्यात ठेवीत आणि बिलाबरोबर परत करीत. सोफ्यात सापडले ते सोफ्याच्या धन्याचे, हा आमच्या दुकानाचा पहिला कायदा. दुसरा कायदा कोणी बोलून दाखवीत नसे. कापड गिऱ्हाईक स्वतः मंगलदास मार्केटातून आणी, चारदा बोटांनी चोळून, घासाघीस करून आणी. आत काय भरायचे ते मात्र आमच्या शब्दावर सोडून देई. आमचा सारा धंदा त्या न दिसणाऱ्या पाच-सहा इंचांवर उभा आहे.

त्या पाच-सहा इंचांत काय असते? वरचे कापड काढले की पुष्कळदा त्याखाली आधीचे कापड लागते आणि त्याखाली आणखी एक. कंटाळखोर कारागीर जुने न काढताच नवे चढवतो. मग मांजरपाट. मग पिंजलेल्या कापसाचा थर. मग काथ्या. काथ्याखाली गोणपाट, गोणपाटाखाली सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा आणि सर्वांत खाली लाकडी चौकटीला ताणून ठोकलेली नवार. या प्रत्येक थराचे गोत्र वेगळे आहे. कापूस आणि नवार ही आपली. स्प्रिंग परदेशातली. आणि ही मंडळी एका चौकटीत नांदू लागली, त्याला फार दिवस झालेले नाहीत.

आपण मराठी माणसे खुर्चीवर तशी उशिराच बसलो. १७९० साली शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या दरबारी मॅलेट हा इंग्रजांचा वकील तह घेऊन आला, त्या प्रसंगाचे चित्र टॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये पुरे केले. त्या भव्य महालात माणसे जमिनीवरच्या बैठकीवर बसलेली आहेत. गादी, लोड, तक्के एवढाच आपला थाट. राज्यसुद्धा गादीचेच: सातारची गादी, कोल्हापूरची गादी. मठाला गादी, सावकाराच्या पेढीला गादी. कापूस भरलेली एक पिशवी, पण तिच्यावर बसण्यासाठी सख्खे भाऊ भांडले. पुढे इंग्रज आले आणि सत्ता जमिनीपासून दीड फूट वर उचलली गेली. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी, फार्सीतून आपल्याकडे आलेला. सोफासुद्धा अरबीच, पण तो युरोपभर फिरून मडमेच्या वेषात आला. उत्तर हिंदुस्थानात तर साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा मान ज्यांना मिळे, त्यांना ‘कुर्सीनशीन’ असल्याचा लेखी दाखला सरकारातून देत आणि लोक तो घरात जपून ठेवीत. आज आपण ‘खुर्चीसाठी चालले आहे सगळे’ असे म्हणतो, तेव्हा गादीची जागा खुर्चीने घेतल्याची नोंदच भाषेने करून ठेवलेली असते.

पण गादी आणि खुर्ची यांच्याही खाली एक वस्तू होती. सातारच्या शाळेत शिकत असताना आपल्याला वर्गाच्या कोपऱ्यात निराळे बसावे लागे, बसण्यासाठी गोणपाटाचा एक तुकडा असे, शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे म्हणून तो रोज घरी न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मी ते प्रथम वाचले तेव्हा दुकानात बसलो होतो आणि समोर गोणपाटाचा तागा पडला होता. प्रत्येक सोफ्याच्या पोटात आम्ही हेच गोणपाट घालतो. बसणाऱ्याला ते कधी दिसत नाही. त्या दिवशी काम थोडे लवकर बंद केले, एवढे आठवते.

असो. स्प्रिंगेकडे येतो. १८२२ साली व्हिएन्नाच्या गेओर्ग युनिगल नावाच्या एका गादीकाम करणाऱ्याने लोखंडी स्प्रिंगा घालून बैठक भरण्याच्या रीतीवर हक्क नोंदवला. तोवर श्रीमंताची खुर्चीही तशी कडकच असे. स्प्रिंग आली आणि खुर्चीला पोट सुटले. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाचे जे कोरीव फर्निचर होत असे, ज्यावर फुलेपाने आणि वेलबुट्टी यांना एक इंचभर जागा मोकळी नसे, त्यातल्या काही खुर्च्या आमच्याकडेही येऊन गेल्या. मूळची बैठक वेताची. पुढे कोणा हौशी मालकाने तीत स्प्रिंगा बसवलेल्या. लाकूड जसेच्या तसे आणि स्प्रिंगा मुंबईच्या दमट हवेने गंजून तुटलेल्या, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

स्प्रिंगा बांधणे ही आमच्या धंद्यातली खरी विद्या. एकेक स्प्रिंग आठ दिशांनी सुतळीने बांधायची, म्हणजे ती दाबली तर सरळ खाली जाते, बाजूला कलत नाही. आमच्याकडे जे उस्ताद होते, त्यांना मी चाचा म्हणे. पिंजाऱ्याच्या घरातले, त्यांचे वाडवडील खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या पिंजीत हिंडत. चाचा मूठभर चुका तोंडात धरीत आणि जिभेने एकेक पुढे ढकलून हातोडीच्या लोहचुंबकी टोकावर घेत. या सवयीमुळे ते फार बोलत नसत. बांधून झाले की बैठकीवर तळहात ठेवून डोळे मिटून दाबत. मी एकदा विचारले, “चाचा, काय पाहता?” चुका हातावर काढून ते म्हणाले, “बेटा, आवाज येता कामा नये. सोफा बोलला तर समज, आपण चुकलो.”

वेताचे काम आम्ही बाहेर देत असू. इराण्यांच्या हॉटेलांतल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे मूळ मायकेल थोनेटच्या १८५९ सालच्या चौदा नंबरच्या खुर्चीत आहे. लाकूड वाफेवर वाकवायचे, सहा भाग करायचे, स्क्रूने जोडायचे. सुट्या केल्या तर एक घनमीटर पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. थोनेटचा हक्क १८६९ साली संपला आणि मग अनेक कारखाने तशाच खुर्च्या काढू लागले. त्या आगबोटींतून इकडे आल्या आणि ब्रून मस्का खाणाऱ्या तीन पिढ्यांना त्यांनी बसवले. बैठक वेताच्या जाळीची, म्हणजे वारा खेळता. शिवाय ढेकणांना घर नाही. मुंबईत मऊ बैठकीचा सर्वांत मोठा शत्रू गंज नव्हे, ढेकूण होता, हे जुन्या सिनेमा थिएटरांत तीन तास काढलेल्यांना सांगायला नको. वेत विणणारे पुष्कळदा अंध असत. सरकारी कचेऱ्यांतून त्यांना हे काम मुद्दाम दिले जाई. बोटांनी भोके मोजून ते विणीत आणि डोळस माणसाच्या विणीपेक्षा ती वीण सरळ येई.

भरावात मात्र आमचा सारा जीव काथ्यात. विलायतेत घोड्याच्या शेपटीचे केस भरीत. आपल्याकडे नारळाने ते काम केले. सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालायची, मग बडवून धागे काढायचे. उत्तम भरावाच्या काथ्याचा आधी दोर वळतात आणि मग तो उसवून पिंजतात, म्हणजे प्रत्येक धाग्यात पीळ राहतो. हा पीळच माणसाचे वजन झेलतो. माणूस उठला की काथ्या पुन्हा वर येतो. पेंढा किंवा सुके गवत वर येत नाही. ते बसले की बसले. चांगला काथ्या आम्ही केरळातून आलेला घेत असू.

पुढे फोम आला. १९२९ साली बर्मिंगहॅमला डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकाला घुसळून फेस आणला आणि त्याची गादी केली. आपल्याकडे डनलॉप हे नावच त्या वस्तूला पडले. १९३७ मध्ये ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत पॉलियुरेथेन काढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा मऊ फोम कारखान्यांतून ठोकळ्यांनी निघू लागला. कात्रीने कापा, चिकटवा, झाले. आठ दिशांची सुतळी नको आणि चाचाही नकोत. मला या फोमचा राग यायला हवा. येत नाही, त्याचे कारण आगगाडी आहे. तिसरा वर्ग १९७४ साली गेला, पण नुसता नावाने. बाके लाकडाचीच राहिली. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, वर्गभेद नसलेली. वडील पुढे एकदा अशा डब्यात बसले, तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी अंगठ्याने बैठक दाबून पाहिली आणि म्हणाले, “दोनच इंच आहे. पण सगळ्यांना आहे.” धंद्यातल्या माणसाकडून फोमची एवढी स्तुती मी दुसरी ऐकली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो, ती सांगतो.

२०१८ साली दिवाळीला महिनाभर अवकाश असताना एक बाई दुकानात आल्या. वय पासष्टच्या पुढचे. दिवाळीपूर्वी आमच्याकडे उभे राहायला जागा नसे. आता तसे राहिलेले नाही. हप्त्यावर नवा सोफा घरपोच येतो आणि जुना वॉचमनला द्यावा लागतो. पण या बाईंना जुनाच हवा होता. “माझ्या लग्नातला आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांच्या हातचा. १९७४ च्या मे महिन्यात लग्न झाले. चव्वेचाळीस वर्षे हलला नाही. आतले तसेच ठेवा, नुसते कापड बदला.”

सोफा आला. मी तळहात ठेवून दाबला. आवाज नव्हता. पण डावी बाजू खचलेली होती आणि हात ज्या तऱ्हेने आत गेला, ती काथ्याची तऱ्हा नव्हती. मी तो उसवला. मांजरपाटाखाली कापूस, कापसाखाली एका मराठी दैनिकाची पाने घडी करून नीट अंथरलेली, आणि पानांखाली भाताचा पेंढा. पेंढा म्हणण्यापेक्षा त्याचा उरलेला भुसा. पेंढ्याची टोके कापडातून टोचू नयेत म्हणून वर्तमानपत्र घातले होते. काम इतके निगुतीने केलेले, दाभणाचा टाका इतका सारख्या अंतरावर, की फसवणूक असलीच तर ती फार मेहनतीची होती. पानांवर मे १९७४ ची तारीख होती आणि मथळा रेल्वेच्या संपाचा.

तो संप ८ मे ला सुरू झाला आणि २७ मे ला मागे घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते. देशभरचे सतरा लाखांच्या आसपास कामगार त्यात होते असे म्हणतात. मी त्या वेळी नागपूरला मावशीकडे अडकून पडलो होतो, म्हणून दुकानात काय चालले होते ते मला ठाऊक नव्हते. मालगाड्या अडल्या म्हणजे केरळचा काथ्याही अडला असणार, हे उघड आहे. आणि मे म्हणजे लग्नसराई. लग्नाचा मुहूर्त काथ्यासाठी थांबत नाही.

येथपर्यंत माझे मन वडिलांच्या बाजूने होते. मग मी माळ्यावर चढलो. वडिलांनी बिलांच्या कार्बनच्या प्रती वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत. वाळवीने खाल्ल्या त्या सोडून बाकी आहेत. १९७४ चा गठ्ठा होता. त्यात ते बिल सापडले. वडिलांचे ते उजवीकडे झुकलेले अक्षर: सोफा एक, स्प्रिंगा, नवार, काथ्या उत्तम प्रतीचा अठरा किलो. पुढे रक्कम. पेंढ्याचा उल्लेख नाही. खाली एकूण ४१०, पोचले ३२५, बाकी ८५. बाकीपुढे पोचल्याची खूण नव्हती, पुढच्या महिन्यांतही नव्हती.

इतिहासाच्या वर्गात आम्हाला अस्सल साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक शिकवला होता. माझ्यासमोर दोन्ही अस्सलच होती, एक सोफ्यात आणि एक कागदावर, आणि ती एकमेकांशी भांडत होती. संपामुळे काथ्या नव्हता म्हणून पेंढा घातला, हे समजण्यासारखे. मग बिलात काथ्या का लिहिला? की मुलीच्या बापाकडून पुरे पैसे येणार नाहीत हे वडिलांनी आधीच ताडले होते आणि तेवढा माल कमी घातला? की उलट, पेंढ्याची कुणकुण लागली म्हणूनच त्या गृहस्थांनी पंच्याऐंशी रुपये अडकवून ठेवले? चाचा असते तर त्यांना विचारले असते. टाका त्यांचाच होता, मी ओळखतो. ते १९९१ साली गेले. वडील त्याच्या चार वर्षे आधी. सोफ्यात सापडलेला एक आणा धन्याला परत करणारा माणूस मी ओळखत होतो. हे बिल लिहिणाऱ्या माणसाशी माझी त्या दिवशी, माळ्यावर वाकून उभा असताना, पहिल्यांदा भेट झाली.

नुसता फोम घालून वर कापड चढवले असते तर गोष्ट तेथेच मिटली असती. बाईंना काही कळले नसते. दोन दिवस मी तसेच करायचे ठरवीत होतो. कारागीर पोरगा उत्तर प्रदेशातला, हुशार, तोही म्हणाला, “मालिक, बोलनेका क्या जरूरत?” तिसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून बोलावले. पेंढा वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. मी म्हणालो, “ताई, यात काथ्या नव्हता. बिलात लिहिलाय, पण नव्हता.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमचे वडील लग्नाला आले होते. आमच्या बाबांच्या शेजारी पंगतीला बसले होते. मला चांगले आठवते, कारण बाबा त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढीत होते.”

पंच्याऐंशी रुपयांची गोष्ट मी काढली नाही.

“आता काय घालणार?” त्यांनी विचारले. मी फोमचे आणि काथ्याचे दर सांगितले. काथ्या महाग पडतो, आणि भरणारे हातही थोडे राहिले आहेत. त्या म्हणाल्या, “काथ्याच घाला. एकदा बसून पाहते तरी.”

सुतळी मी स्वतः बांधली, आठ दिशांनी. पोरगा शेजारी बसून पाहत होता. चार दिवस लागले. एवढ्या वेळात फोमचे तीन सोफे झाले असते. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी टेंपो आला. बाई आपण होऊन न्यायला आल्या होत्या. त्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सोफा बोलला नाही. मी त्यांच्या हाती पत्र्याचा डबा दिला; त्यात एक हिरव्या बांगडीचा तुकडा आणि दोन बटणे होती. मग बिल दिले. त्यांनी चष्मा लावून ते ओळीने वाचले.

“काथ्यापुढे आकडा घालायला विसरलात.”

“विसरलो नाही, ताई. काथ्याचे पैसे वडिलांनी १९७४ सालीच घेतलेत.”

त्यांनी बिलाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि सोफ्याचा कोपरा सांभाळून उचला म्हणून टेंपोवाल्याला सांगितले.